राखाडी टोपीतले बारा ग्रॅम

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला मान्य आहे, पण मी खोटारडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर तो ठपका एकदा आला होता आणि तो मला अजून सलतो. मी स्वयंपाकघरातला एक बारीक वजनकाटा. वर पांढरी ताटली, खाली गोल तबकडी, तबकडीवर लाल सुई आणि ती मागेपुढे सरकवायला बाजूला एक पितळी कळ. एवढाच माझा संसार.

स्वीडनच्या गोटलंड बेटावर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून असलेल्या घरात, मी गुनवोर आणि फोल्के यांच्या लग्नात भेट म्हणून आलो. यीस्ट, केशर, वेलदोडे असे नाजूक जिन्नस मोजणे हे माझे काम. फोल्के पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "चर्चचं घड्याळ चुकेल, हा चुकायचा नाही." मग मुलाने बॅटरीवर चालणारा चपटा काटा आणून दिला आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे मी अकरा वर्षे धूळ खात बसलो. मला तिथून खाली उतरवले ते हेजहॉगच्या चार पिल्लांनी.

सप्टेंबरचे दिवस होते. सकाळी सकाळी शेजारचा तूरे दार धडाधडा वाजवत आला. त्याच्या हातात बादली होती.

"गुनवोर, दार उघड! माझ्या हातून पाप झालंय!"

बादलीत मूठमूठभर चार जीव होते. पाठीवर काटे, पोटाशी लव, आणि चिमण्यांसारखा बारीक चिवचिवाट. गवत कापायचे एक यंत्र तूरेच्या अंगणात रात्रभर आपले आपण फिरत असे. त्याखाली सापडून त्यांची आई मेली होती. लाकडांच्या ढिगाखाली रडत बसलेली पिल्ले त्याला उजाडल्यावर दिसली.

"त्यांना काही दिलंस का?" गुनवोरने विचारले.

"दिलं ना! बशीभर दूध. माझी आजी ठेवायची तसं."

"अरे देवा! तूरे, गाईचं दूध पचत नाही त्यांना. जुलाब होऊन मरतात. तुझ्या आजीच्या बशीतलं पिऊन किती जण कुठं जाऊन मेले, हे तिला कधी कळलं तरी का?"

तूरेने बादली तिच्यापुढे धरली. गुनवोर शाळेत परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर पंचक्रोशीतले आजारी पाखरू-जनावर तिच्याच दारी यायचे. तिने खोक्यात टॉवेल अंथरला, त्याखाली गरम पाण्याची रबरी पिशवी सरकवली आणि हुकूम सोडला, "फोल्के, जुना काटा खाली काढ. तो बॅटरीवाला ह्यांच्या वळवळीनं बावचळतो, आकडाच धरत नाही."

असा मी पुन्हा टेबलावर आलो. मला आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. या पिल्लांचे सगळे जगणे माझ्या सुईवर अवलंबून आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले. आईचे दूध तुटलेले पिल्लू दिसायला ठीक दिसते आणि आतून खचत जाते. ते कळायला रोजचे वजन हाच मार्ग. वाढले तर जगेल. दोन-तीन दिवस घटत गेले तर संपले.

थंड ताटलीवर पिल्लू आकसते, म्हणून गुनवोरने आपल्या मेंढ्यांच्या राखाडी लोकरीची एक जुनी टोपी घेतली, रिकामी माझ्यावर ठेवली आणि कळ फिरवून सुई एकदाच शून्यावर आणली. म्हणजे टोपीचे वजन आपोआप वजा. त्यानंतर रोज सकाळी सातला एकेक पिल्लू टोपीत घालून माझ्यावर यायचे. तिघांच्या काट्यांवर तिने नखांना लावायच्या रंगाचे तांबडे, निळे, हिरवे ठिपके दिले. चौथ्याला ठिपक्याची गरजच नव्हती, इतके ते लहान होते.

"नावं ठेवायची नाहीत," तिने फोल्केला बजावले. "नाव ठेवलं की जीव अडकतो."

"बरं," फोल्के म्हणाला, आणि तिची पाठ वळताच त्या लहानग्याच्या कानाशी लागला, "काय रे वाटाण्या, भूक लागली का?"

वाटाण्याचे वजन पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी ग्रॅम भरले. बशीतल्या दुधाने त्याचे पोट बिघडलेलेच होते. दर दोन तासांनी पिचकारीने थेंब थेंब शेळीचे दूध, मग ओल्या कापसाने पोट चोळणे, कारण त्याशिवाय त्यांना शू-शी होत नाही. आई हेच काम जिभेने करते. फोल्केला आपल्या बनपावांचे जिन्नस मोजायलाही सवड उरली नाही.

"ह्यांच्यापायी माझे बन अंदाजपंचे झालेत," तो कुरकुरला.

"आधी तरी कुठं फुगत होते?" गुनवोर म्हणाली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, वाटाणा शहाऐंशीवर गेला. त्याच दिवशी तूरे शहरातून पिल्लांसाठीची खास दुधाची पावडर घेऊन आला. शुक्रवारी सकाळी वाटाण्याला माझ्यावर ठेवले आणि माझी सुई चौऱ्याण्णववर गेली. बाकीच्या तिघांनीही अशीच उडी मारली.

"आठ ग्रॅम!" गुनवोर ओरडली. "फोल्के, एका दिवसात आठ! काय पावडर आहे रे ही!"

फोल्केने तिला धरून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. मला मात्र भार कळतो, मित्रांनो. माझ्यावर जे होते त्यातले पिल्लू कालच्यापेक्षा हलके होते आणि टोपी जड होती. तीच राखाडी लोकर, तीच वीण, पण ही टोपी ती नव्हती. बारा ग्रॅम जास्त. वाटाणा चौऱ्याण्णव नव्हता, ब्याऐंशी होता. तो घटत होता, आणि खाली ते दोघे नाचत होते!

मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. गुनवोरने दोन तासांची वेळ चार तासांवर नेली. "आता दमानं घेऊ या. पोटाला विसावा मिळू दे." शनिवारी सुईने त्र्याण्णव दाखवले, रविवारी ब्याण्णव. "एखादा ग्रॅम मागेपुढे व्हायचाच," ती म्हणाली. मोठी तिघे खरेच बाळसे धरत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी जे ताटलीत पडेल ते दाखवत राहिलो. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.

रविवारी दुपारी वाटाण्याने पिचकारी तोंडात घेतली नाही. गुनवोरने त्याला तळहातावर घेतले, दोन बोटांनी पाठीची कातडी हलकेच चिमटीत धरली. सोडल्यावर ती तशीच उभी राहिली; अंगातले पाणी आटल्याची ती खूण.

"आकडा म्हणतोय वाढलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "माझा हात म्हणतोय नाही."

तिने रिकामी टोपी माझ्यावर ठेवली. सुई शून्य ओलांडून बारावर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्याची स्प्रिंग गेली. म्हातारा झाला आणि मी मूर्खासारखी ह्याच्यावर विसंबले!" तिने मला उचलून दाराजवळ जमिनीवर आदळले.

त्या क्षणी मला जे वाटले ते सांगवत नाही. फोल्के मात्र टोपीकडेच बघत होता. त्याने ती उचलली, तिचा काठ उलटा केला. तो गप्प बसला असता तर दोष माझ्याच माथी राहिला असता.

"गुनवोर, काट्याचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "ही टोपी माझी आहे. त्या टोपीत वाटाण्यानं घाण केली होती. गुरुवारी मी ती धुवून वाळत घातली आणि ही ठेवली. मला वाटलं, टोपी ती टोपी. सगळ्या तूच विणल्यास, सगळ्या सारख्याच."

"तुझ्या टोपीला दुहेरी काठ आहे, फोल्के."

"कान दुखतात माझे. तूच घातलास."

मला वाटले, आता ती त्याला फाडून खाणार.

"पाणी तापव," ती एवढेच म्हणाली. "आणि काटा टेबलावर ठेव. त्याला लागलं नाही ना बघ."

त्या दिवसापासून पुन्हा दर दोन तासांनी दूध सुरू झाले, आणि वाटाण्याला तर दर तासाला, साखर-मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब. तूरे पाळीने येऊन बसू लागला. त्याने ते गवताचे यंत्र रात्री बंद ठेवायला सुरुवात केली होती. जुनी टोपी परत आली, सुई नव्याने शून्यावर लागली. सोमवारी एकोणऐंशी. मंगळवारी एकोणऐंशी. गुनवोर, फोल्के आणि तूरे माझ्याकडे असे बघायचे की मला माझ्या सुईची भीती वाटू लागली. ती खाली गेली तर सांगणारा मीच असणार होतो.

बुधवारी सकाळी वाटाणा टोपीत शिरला, नाक बाहेर काढून तो एकदा शिंकला. सुई थरथरली आणि थांबली. ऐंशी.

एक ग्रॅम. कुणी ओरडले नाही, कुणी नाचले नाही. फोल्के खुर्चीत बसला आणि त्याने तोंड हातांत लपवले. गुनवोरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "वाटाणाच म्हण त्याला. मीही म्हणेन."

मित्रांनो, तुम्हालाही कधी असे अनाथ पिल्लू सापडेल. त्याला आधी ऊब द्या, गाईचे दूध देऊ नका आणि जाणत्या माणसाला बोलवा. माझ्यासारखा काटा जवळ असेल तर त्याचे जरूर ऐका, पण फक्त त्याचेच ऐकू नका. पिल्लाला रोज हातात घ्या, त्याच्याकडे नीट बघा. आणि चूक तुमची असेल तर लगेच सांगा, कारण तुम्ही गप्प बसलात तर त्याची किंमत तो लहान जीव मोजतो.

आता एकच सांगायचे राहिले. मी अर्ध्या किलोपर्यंतचाच काटा आहे. नोव्हेंबरात एका सकाळी वाटाणा माझ्यावर बसला आणि सुई शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन अडकली. गुनवोरने कळ फिरवून पाहिली, मग हसत त्याला उचलले आणि पानांनी भरलेल्या खोक्यात हिवाळाभर झोपायला नेले. त्यानंतर तो माझ्यावर कधीच मावला नाही.