मला पोपटी रंग दिला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. छपरावर चढून वाऱ्याशी खडाखडा भांडतात ते माझे चुलतभाऊ. माझा जन्म मात्र पाण्यात बुडून काम करण्यासाठी झाला. कारखान्यात मला जाड लाटले, चौकोनी कापले आणि गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या टाकीत भावंडांच्या रांगेत उभे केले.

आमचे तळे झाडीत आहे. पाने पाण्यात पडून कुजतात, त्यांचा अर्क उतरतो आणि पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागते. कापडाने गाळून हा अर्क निघत नाही. त्यात जंतू मारायचे क्लोरीन घातले, तर दोघांचे मिळून भलतेच काही तयार होते, आणि ते रोज पोटात जाणे बरे नव्हे. म्हणून आधी अर्क काढायचा, मग क्लोरीन. अर्क काढण्याचे काम आमचे.

आमच्यातून वीज सोडली की अंगाचे लोखंड कणाकणाने सुटते, अर्काला धरते आणि त्याचे गोळे होतात. काही गोळे तळाशी बसतात, काही वाळूत अडकतात आणि पाणी नितळ होते. एकट्यादुकट्यानेच झिजू नये म्हणून केंद्र चालवणाऱ्या ताई तारांची अदलाबदल करतात. आज मी झिजतो, उद्या शेजारचा. अशी वाटणी सख्ख्या भावांतही क्वचितच होते!

तरी एक सल होता. चंदन झिजले की माणसे कौतुक करतात. लोखंड झिजले की म्हणतात, गंजले.

केंद्राचे राखणदार मामा मोठे हौशी. फाटक, बादल्या, बसायचे स्टूल, सगळे त्यांनी पोपटी रंगवले होते. एकदा आम्हां पत्र्यांचे हे यंत्र ठेवायचे की मोडीत काढायचे, हे ठरवायला पाहुणे येणार होते. ताई आम्हांला घासून, वाळत ठेवून सुट्टीवर गेल्या. मामांना आमच्यावरचे तांबूस डाग दिसले.

"पाहुण्यांसमोर असली गंजकी तोंडं? ताईंची लाज जायची!" असे म्हणून त्यांनी तारांपुरती टोके सोडली आणि आम्हांला मायेने रंगाचे दोन हात दिले. खरे सांगू? मी हरखून गेलो. जन्मात पहिल्यांदा मला कोणी सजवले होते. रंग वाळल्यावर त्यांनीच आम्हांला टाकीत बसवले; तांबड्या पाण्यावर नुसती टोके दिसत होती.

पाहुणे आले. ताईंनी तारा जोडल्या, कळ दाबली. एरवी आमच्यामधून बुडबुडे उठतात, त्या दिवशी एकही उठला नाही. पाणी आत गेले तसेच तांबडे बाहेर आले.

"बाई, याला मोडीत काढा आणि क्लोरीन वाढवा," पाहुण्यांतले मोठे साहेब म्हणाले.

ताईंचा चेहरा पडला. "साहेब, माझी पोर हेच पाणी पिते. जरा थांबा."

त्यांनी विजेचा काटा पाहिला. तो जागचा हललाच नव्हता. मग त्यांनी मला वर ओढले. मी पोपटी!

"छान दिसतात ना?" मामा कौतुकाने म्हणाले.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अहो मामा, रंगातून वीज जाते का? यांना झिजायचंच असतं. तेच यांचं काम!"

मामांनी तारेचा ब्रश घेतला आणि तिथेच फतकल मारून आम्हांला एकेक करून खरवडू लागले. शेजारी ताई बसल्या. थोड्या वेळाने साहेबांनीही बाह्या सारल्या. माझे पोपटी कपडे उतरले तेव्हा मला रडू आले. पण पुन्हा पाण्यात गेलो, वीज आली, बुडबुडे उठले आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी साहेबांनी नितळ पाण्याचा पेला उजेडात धरला आणि पिऊन टाकला.

"राहू द्या यंत्र," ते म्हणाले.

आता मी अगदी पातळ झालो आहे. परवा घासताना मामा हळूच म्हणाले, "ताई, याचा पार पापुद्रा झालाय. भंगारवाल्याला द्यायचा का?"

"थोडं थांबा, मामा," ताई म्हणाल्या. "त्याला देण्याजोगं काही उरणारच नाही."

ते ऐकून माझा सल गेला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण ती कशासाठी आहे हे आधी विचारा. आणि नळ उघडा टाकून खेळायला पळू नका. त्या पाण्यात मी तुम्हांला दिसणार नाही, पण माझे सारे अंग त्याच्यासाठीच गेले आहे.