पुढच्या गावाचं तिकीट

विमानाचं भाडं टप्प्यावर ठरत नाही, ही गोष्ट वामनरावांना काही केल्या पचेना. अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. लोणार ते मेहकर किती, मेहकर ते चिखली किती, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. अंतर वाढलं की भाडं वाढतं, याच्यापलीकडे भाड्याचं काही शास्त्र असेल हेच त्यांना मान्य नव्हतं.

"सकाळी येक भाव अन् संध्याकाळी दुसरा?" ते मुलीवर डाफरले. "हे इमान हाय का भाजीबाजार?"

मुलगी अश्विनी बुलढाण्याला कॉलेजात शिकवते. रविवारी लोणारला आली की ओट्यावर लॅपटॉप उघडायची आणि आईबाप दोन्ही बाजूंनी त्यात डोकं घालायचे. झुंबरबाईंना मात्र या भावांचा राग येत नव्हता, उलट मजा वाटत होती. भाजीबाजार म्हटल्यावर तर त्यांचे कान टवकारलेच.

"मंग दिवस बुडता बुडता घेऊ ना. बाजार उठाच्या वक्ती टमाटे कसे मातीमोल देतात!"

"इथं उलटं हाय माय. बाजार उठाच्या वक्ती भाव चढते."

"बाप्पा! अन् बायांले अर्धं तिकीट?"

"नाही."

"एसटी बरी मंग," झुंबरबाई म्हणाल्या, आणि वामनरावांना त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

हा सगळा खटाटोप झुंबरबाईंच्या एका प्रश्नापायी चालला होता. काही वर्षांमागे क्रिस्टा नावाची जर्मन बाई लोणारच्या विवराचे दगड तपासायला आली होती. उन्हातून परतताना ती यांच्या ओट्यावर टेकायची, चहा प्यायची. एकदा झुंबरबाई कणीक मळायला बसल्या होत्या, तर हिने परातीतल्या कोरड्या पिठात बोटानं गोल काढला. गोलाच्या बाहेर, कडेला चिमूट ठेवली: हे तुमचं लोणार. मग दुसरा, चांगला मोठा गोल काढला आणि चिमूट आत ठेवली. आमचं गाव, म्हणाली, नोर्डलिंगेन. तेही आभाळातून पडलेल्या दगडाच्या खड्ड्यातच आहे, फक्त आम्ही आत राहतो. सोबतच्या नागपूरच्या पोरीनं हे मराठीत सांगितलं आणि झुंबरबाईंचा हात पिठातच थांबला.

झुंबरबाईंचं माहेर उंद्री. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात सासूनं काठावर नेऊन तळं दाखवलं होतं. तेव्हापासून काठ म्हणजे आपलं घरदार आणि आत म्हणजे देवळं, झाडी आणि खारं पाणी, असंच डोक्यात बसलेलं. आणि कुठंतरी लोक आतच घरं बांधून राहतात, दळण दळतात, पोरं शाळेत धाडतात! त्यांना सकाळी दार उघडल्यावर काय दिसत असेल? आतून काठ दिसतो का? अश्विनीनं व्हिडिओ दाखवले. त्यात लाल कौलांची घरं दिसली, काठ काही दिसेना. "हे मोबाईलमधी मावाची गोष्ट नाही," झुंबरबाई म्हणाल्या. "मलेच पाहा लागन."

बायकोनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, म्हणून वामनराव कबूल झाले. पण निवृत्तीच्या पैशातून किती काढायचे याची त्यांनी हद्द घातली, आणि हद्द म्हणजे हद्द. नोर्डलिंगेनला विमानतळ नाही, जवळचं मोठं शहर म्युनिक. उन्हाळ्याच्या सुट्टीचे भाव बघून अश्विनीनं नुसती मान हलवली. दिवाळीचे त्याहून वर. फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी, भाव जरा खाली आले, तरी हद्दीच्या बाहेरच.

आणि एका रविवारी वामनराव ओरडले, "थांब! हे व्हिएन्ना कुठं आलं?"

"म्युनिकच्या पुढं, बाबा. म्युनिकले इमान बदलून जा लागते."

"पुढं हाय, अन् तरी स्वस्त?" त्यांचा आधी विश्वास बसेना, मग चेहरा उजळला. "मंग काढ व्हिएन्नाचं! म्युनिकले उतरून घेऊ. मेहकरचं तिकीट काढून माणूस अलीकडं सुलतानपूरले उतरला तं कंडक्टर काय त्याले पकडून ठेवते?"

इतक्या वर्षांच्या अनुभवाचं सोनं झालं म्हणून स्वारी दिवसभर खुशीत होती. शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. झुंबरबाईंनी तर पेटीतून शाल काढून उन्हात घातली.

संध्याकाळी अश्विनीनं पैसे भरायच्या आधी नियम वाचले आणि लॅपटॉप मिटला. "बाबा, नाही जमत. मधीच उतरलं तं पुढचं सगळंच तिकीट रद्द होते. येतानाचं बी."

"काऊन? सीट त्याहिलेच रिकामी भेटते ना!"

"त्याहिचा नियम हाय."

वामनरावांनी विमान कंपन्यांना मेहकर स्टँडवर शोभतील अशा दोन शिव्या हासडल्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते चिडून बोलत. "व्हिएन्नालेच जाऊन येऊ मंग. युरोप तं युरोप. मोठं शहर हाय म्हणते."

"मले काय करायचं व्हिएन्नाचं? तिथं दगड पडला का?" झुंबरबाई एवढंच म्हणाल्या आणि शाल घडी करायला लागल्या. घडी काही नीट बसेना. इतके दिवस मनात गोंजारलेलं गाव हातचं चाललं होतं आणि बोलायला तोंड नव्हतं, हद्द आधीच ठरलेली.

अश्विनी उगाच पडद्यावर वरखाली करत राहिली. झुंबरबाईंनी शाल ठेवली. गप्प बसवेना तेव्हा विचारलं, "काय वं, तू हे खालचे भाव काऊन सोडून देतं? दर रविवारी पाह्यतो मी. पाह्यतच नाहीस त्याच्याकडं."

"ते कोनीच घेत नाही माय. सगळ्यात स्वस्त हाय, पण म्युनिकले सकाळी उतरवतात अन् व्हिएन्नाचं इमान दुसऱ्या दिवशी सकाळी. तितका वेळ कोन बसन?"

"बसा कायले लागते? भाईर सोडत नाहीत का?"

अश्विनीचं बोट थांबलं.

"उंद्रीले जाताना मेहकरले चिखलीची गाडी दोन-दोन घंटे येत नव्हती," झुंबरबाई सांगू लागल्या. "मी कधी बसली का स्टँडवर? पिशवी फुलवालीपाशी ठेवायची अन् बालाजीचं दर्शन घेऊन, बांगड्या भरून याची. गाडीच्या वक्ती हजर! हे कंडक्टर लोक मोकळ्या वेळात झोपा काढत."

वामनरावांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. अश्विनीनं नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले. व्हिसा असला की बाहेर सोडतात, आणि एकाच व्हिसावर दोन्ही देश चालतात. म्युनिकहून रेल्वेनं सकाळी निघून, मध्ये गाडी बदलून, नोर्डलिंगेन पाहून रात्रीच्या आत परत येता येतं. भाव तर हद्दीच्या बराच आत.

"पण पुढचं इमान चुकलं तं सगळं गेलं," वामनराव म्हणाले. "टायमाचं मी पाहीन. मी म्हनलं निंगा, की निंगायचं."

"हाव," झुंबरबाई म्हणाल्या. त्या क्षणी त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या.

फेब्रुवारीत तिघं निघाली. वामनरावांनी म्युनिकला उतरल्यापासून घड्याळावरची नजर काढली नाही. रेल्वेत दोनदा उठून स्टेशनाच्या पाट्या वाचून आले. नोर्डलिंगेनला थंडी अशी की झुंबरबाईंनी शालीवर अश्विनीचं जाकीट चढवलं. पण आभाळ स्वच्छ होतं. गावाच्या मधोमध चर्चचा उंच मनोरा. आभाळातल्या दगडाच्या त्या धडकेतून घडलेल्या दगडानंच तो बांधलाय, असं अश्विनीनं सांगितलं, तेव्हा झुंबरबाईंनी भिंतीला हात लावून पाहिला. गुडघे कुरकुरत होते, तरी मध्ये बसत बसत त्या थेट वरपर्यंत चढल्या.

वर वारा होता. खाली लाल कौलांचं गाव, मग शेतं, आणि शेतांच्या पार शेवटी निळसर टेकड्यांची ओळ. झुंबरबाई कठड्याला धरून हळूहळू चालत राहिल्या आणि ती ओळही त्यांच्यासोबत चालत राहिली. कुठं तुटेना. जिथून निघाल्या तिथं परत आल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"दिसते वं," त्या अश्विनीला म्हणाल्या. "आतून काठ दिसते. चहूकडून दिसते! आपलं तळं तं याच्या कोपऱ्यात मावून जाईन." खाली एक बाई अंगणातला बर्फ झाडूनं लोटत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. "अन् तिले पाह्य. आपल्यासारखीच. रोजचंच झालं तिले."

मग त्यांनी शाल सावरली आणि दुसरी फेरी सुरू केली.

अश्विनीनं बापाच्या मनगटाकडे पाहिलं. ठरवलेली गाडी पकडायची तर आत्ताच खाली उतरायला हवं होतं. नोकरीत असताना वामनराव वेळ झाली की डबल बेल देत. स्टँडवर मामलेदार धावत येत असो की त्यांचा स्वतःचा मेव्हणा, गाडी हलायची.

"बाबा, निंगायचं ना?"

वामनरावांनी कठड्याशी रमलेल्या बायकोकडे पाहिलं. मग बाहीनं घड्याळ झाकलं.

"याच्या मांगं दुसरी गाडी हाय," ते म्हणाले. "पाहू दे तिले."