उरलेली गोळी

मित्रांनो, मी जंतू मारणाऱ्या गोळ्यांचं एक जुनं पाकीट आहे. माझ्या पोटात एक गोळी अजून अडकून पडली आहे. रिकामं व्हायचं, एवढीच पाकिटाची हौस असते. माझी ती राहूनच गेली.

औषधांच्या कारखान्यात अंगावर चांदीचा कागद चढला, तेव्हा मला केवढी ऐट! केजच्या मेडिकलमधून मला बंकटने नेलं. त्याला कफ होऊन ताप भरला होता. "बरं वाटलं तरी पाकीट संपवा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ताप उतरताच त्याच्या आईने, चंद्रभागाबाईने, मला पिशवीत टाकलं. "आता बरा झालास न्हवं? ऱ्हाऊ दे उरलेल्या, कामाला येतील."

तिच्यावर रागावू तरी कसा? दुष्काळाचं साल होतं. तिच्या घरी भाजी धुतलेलं पाणी शेळी प्यायची. वाया घालवणं तिला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघालं. सहकारी साखर कारखान्याच्या शिवारात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या आणि मी कुडाला टांगलेल्या पिशवीत कोंडला गेलो. टोळीत कुणाला ताप आला की एक गोळी, दाढ दुखली की एक गोळी. "लई गुणाची गोळी हाय," लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, हे मला कळत होतं. पण पिशवीतून ओरडणार कसा?

मग बंकटच्या बायकोच्या, अंजनाच्या, पावलावर कोयता बसला. सासूने तिला दोन गोळ्या दिल्या. सूज उतरली तशी अंजना पुन्हा उसाच्या फडात गेली. पुढे जखम चिघळली, अंगात ताप भरला, आणि बीडच्या दवाखान्यात पाऊल राहील की जाईल, अशी वेळ आली. मीही पिशवीतून सोबत होतो.

चंद्रभागाबाईने मला डॉक्टरांपुढे धरलं. "हीच द्या की. आमच्याकडं सगळ्यांना गुण आलाय."

डॉक्टरांनी पू तपासून घेतला होता. "मावशी, ह्या जंतूंना ही गोळी आता लागूच पडत नाही. थोडी थोडी देऊन तुम्ही त्यांना दांडगं केलंत."

म्हातारी खाली बसली. मला फार लाज वाटली. मी हातात असून तिच्या सुनेच्या काही कामाचा नव्हतो.

अंजनाची दोन बोटं गेली. पाऊल वाचवायला सलाइनमधून जबर औषध सुरू झालं. ताप उतरल्यावर ती म्हणाली, "आत्या, आता बरं वाटतंय. चला घरी. टोळी खोळंबली असंल."

"न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "डाक्टर म्हनतील तवर हितंच."

मला तिने सिस्टरच्या हाती दिलं. "हे कुनाला देऊ नका, बाई." मग थेंब थेंब पाणी राखणारी ती म्हातारी बाटलीतला शेवटचा थेंब नळीत उतरेपर्यंत वर बघत बसली.

मी आता टाकाऊ औषधांच्या डब्यात बंद आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड उद्यासाठी जपून ठेवलं असेल, तर ते कुणाला देऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. आम्हाला रिकामं होऊ द्या.