मोजणीच्या दिवसाची बस

मित्रांनो, मोजणीच्या दिवशी वर्गात एक मूल जास्त बसलं, की मुख्याध्यापक ग्रोव्हर साहेबांच्या शाळेला सरकारकडून बारा हजार डॉलर जास्त मिळत. तेच मूल परीक्षेत आपटलं, की साहेबांची खुर्ची डगमगे.

मी एक जुनी पिवळी शाळेची बस आहे. गव्हाच्या सपाट माळरानावर धूळ खात माझं आयुष्य गेलं. नवी होते तेव्हा पोरं माझ्या पत्र्यावर कौतुकाने हात फिरवत. पुढे गाद्या फाटल्या, त्यांना चिकटपट्ट्या लागल्या.

त्या सप्टेंबरात मोजणीच्याच दिवशी तिसरीतली ट्विला तापाने फणफणली. साहेबांनी मला थेट तिच्या दारात पाठवलं.

"अहो, पोरगी उलट्या करतेय!" आई ओरडली.

"बादली आणलीय ना बाई," ड्रायव्हर वेंडेल म्हणाला. "हजेरी लागली की आणून सोडतो."

बादलीसकट ट्विला मोजली गेली.

वाचताना ती फार अडखळे. वसंतातली वाचनाची परीक्षा हुकली किंवा तीत नापास झाली, तर पुन्हा तिसरीच. म्हणून हिवाळाभर ती माझ्या पुढच्या बाकावरून वेंडेलला मोठ्याने वाचून दाखवी.

"काका, आज एकदाच अडले!"

"एकदाच? मग उद्यापासून तूच मला शिकव."

परीक्षेच्या सकाळी साहेब माझ्या पायरीवर चढले. "वेंडेल, ट्विलाच्या रस्त्याला आज जाऊ नकोस. ब्रेक बिघडले म्हणून सांग."

"ब्रेक ठणठणीत आहेत साहेब. पोरीने तयारी केलीय."

"तिच्या एकटीपायी शाळेचा टक्का घसरतो. तुझ्या पेन्शनला किती राहिलंय रे?"

वेंडेलने किल्ली फिरवली. फाट्यावर आम्ही थांबलो, पण वळलो नाही. तिची आई पहाटेच कामावर गेलेली. दूर तिच्या घरच्या टपालपेटीपाशी एक लाल कोट आम्हाला हात हलवत होता.

निकाल झकास लागला. साहेबांचा पगार वाढला. ट्विलाच्या नावाने आलेल्या पैशांत फुटबॉलच्या मैदानावर दिव्यांचा गुणफलक उभा राहिला. मैत्रिणी चौथीत गेल्या, ती मागे राहिली.

"वाच की गं," वेंडेल एकदा म्हणाला.

"कशाला? हिवाळाभर माझं वाचन ऐकूनही तुम्ही आला नाहीत."

मित्रांनो, बसची गादी फाडू नका, हे तर मी सांगेनच. पण बस कुणाच्या दारात जात नाही, तेही जरा बघत जा. मी आता भंगारात उभी आहे. त्या गुणफलकात साहेबांनी पदरचा एक सेंटही घातला नाही. पैसे सरकारने भरले, आणि वर्ष ट्विलाने.