दोष म्हणे कोपऱ्यातल्या विटेचा

मी एक वीट बोलतेय. नाक मुरडू नका. गिलाव्याआड तोंड लपवून जन्म काढणारी घरातली वीट मी नव्हे. कपबश्या भाजणाऱ्या भट्टीत, मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात मी अठरा वर्षं काढली. आता मी अंगणातल्या नळाखाली पडले आहे आणि लोक माझ्यावर पाय ठेवून चिखल धुतात. ज्यांना भट्टीतलं ओ की ठो कळत नाही, त्यांनीच मला इथे आणून टाकलं.

माझी माती पांढरी, आगीला न भिणारी. गवंड्याने मला उचलून वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "ही पक्की आहे, कोपऱ्याला घेऊ." मला कोण अभिमान वाटला! कोपरा म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा भट्टी पेटली तेव्हा कळलं.

मधल्या विटांचं बरं असतं. समोरून धग लागते, ती सरळ पाठीतून बाहेर जाते. माझं तसं नाही. आतली धग लागते ती जेमतेम एका कडेला, आणि बाहेर दोन बाजू गार हवेत उघड्या. आत शिरलेली ऊब दोन वाटांनी पळते. म्हणून मधल्या विटा लालभडक होतात तेव्हा मी अजून काळपटच असते, आणि माझ्या शेजारी ठेवलेले कपही माझ्यासारखेच मागे राहतात. हा माझा आळस नाही, माझी जागाच तशी आहे.

हे एकाच माणसाला कळलं होतं, मालकाच्या थोरल्या बहिणीला. सगळे तिला आत्या म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि पहिल्या दिवसापासून भट्टीपाशी उभी राहिली. सकाळी सातला ती बर्नर पेटवायची. दुपारी तीनच्या सुमारास भिंतीचा मधला भाग हवा तसा लाल झाला, की आच तेवढीच ठेवून पाचपर्यंत बसून राहायची. मधूनमधून झरोक्याला डोळा लावून माझ्याकडे बघायची. माझा रंग मधल्या विटांच्या रंगाला येऊन मिळाला की मगच बर्नर बंद. अठरा वर्षांत कोपऱ्यातला एक कप कच्चा निघाला नाही. तिला कुणी शाबासकी दिल्याचंही मी ऐकलं नाही.

मग मालकाच्या मुलीचं लग्न झालं आणि जावईबापू कारखान्यात आले. आल्या आल्या त्यांनी मागच्या भिंतीला बरोबर मधोमध भोक पाडलं आणि त्यात तापमापक बसवला. बाहेर काचेच्या डबीत आकडे दिसू लागले. सगळे कामगार आकडे बघायला जमले, जणू आजवर भट्टी तापतच नव्हती!

पहिल्याच दिवशी तीन वाजता ते म्हणाले, "आत्या, आकडा आला. बंद करा बर्नर."

"कोपरा मागे आहे अजून. दोन तास लागतील."

"भट्टी एकच आहे ना? मग तापमानं दोन कशी असतील?"

"इथून बघा की जरा, जावईबापू."

"त्यात बघायचं काय? यंत्र खोटं बोलतं का?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते फक्त भिंतीच्या मधल्या भागाचं सांगत होतं. पण झरोक्यापर्यंत चार पावलं चालायची तर शहाण्या माणसाचा मान जातो ना!

मालक तिथेच उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, कर बंद. त्यांना कळतं त्यातलं."

महिन्याभरात एका खानावळवाल्याने खोकं परत आणून आपटलं. कपात चहा ओतला की बुडातून पाझरून टेबलावर ओली वर्तुळं उठत होती. सगळे कप कोपऱ्यातले. जावईबापूंनी माझ्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला, "ही वीटच खराब आहे." दुसऱ्या दिवशी छिन्नीने मला उपटलं आणि कोरी करकरीत वीट बसवली. पुढच्या खेपेला त्याच कोपऱ्यातले कप पुन्हा कच्चे! निदान तेव्हा तरी लाज वाटावी? छे. आता खापर आत्याच्या डोक्यावर फुटलं. म्हणे, ती कप दाटीवाटीने रचते. तिला कागदात कप गुंडाळायच्या खोलीत बसवलं. भट्टीसमोर उभं राहायची तिला बंदी झाली.

त्या खोलीची खिडकी नळासमोरच आहे. एका दुपारी मालक तिथे आला.

"ताई, उद्या जावईबापू तीनला निघतात. ते गेले की जरा भट्टी बघ पाचपर्यंत. त्यांना कळायला नको."

"म्हणजे कप चांगले निघाले की नाव त्या डबीचं?"

"घरातलीच माणसं आपण. नाव कुठे मधे आणतेस?"

आत्याने हातातला कप खाली ठेवला. "इतकी वर्षं नाव नव्हतं, मी काही बोलले नाही. पण चोरून नाही करायची मी. भट्टी द्यायची तर सगळ्यांदेखत दे."

"त्यांना राग आला तर? पोरीला तिथे नांदायचंय गं."

"आणि मला इथे राहायचंय," आत्या म्हणाली.

तो मान खाली घालून निघून गेला.

मग या थोर पुरुषांनी काय केलं ते ऐका. त्यांनी भट्टीचे चारही कोपरे रिकामे ठेवायला सुरुवात केली! दर खेपेला चाळीस कप कमी भाजतात, आणि जावईबापूंनी दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलंय, 'कच्चा माल शून्य'. एका बाईला दोन तास बसू देण्यापेक्षा यांना कोपरे ओस पाडणं सोपं वाटलं. कप कमी, म्हणून गुंडाळायचं कामही कमी. चारच्या आत आत्याचे हात रिकामे होतात. मग ती खिडकीशी उभी राहून भट्टीच्या बंद दाराकडे बघत असते. मला ते बघवत नाही.

मला परत भिंतीत बसवा, असं मी म्हणणार नाही. तिथे कुठलीही वीट बसवा, ती मागेच राहणार आणि तिची वाट बघावीच लागणार. वाट बघणारं माणूस तुमच्याच घरात आहे. तिला बोलवा. आणि बोलवाल तेव्हा जावयासमोर, मोठ्याने बोलवा.