वर्षाची चटणी

फेब्रुवारीत आण्णांचे पाय सुजले. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, दिवसाला चार ग्रॅम मीठ, कणभरही जास्त नको. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तोवर आम्हा बापलेकीचं जेवण खानावळीच्या डब्यावर चालायचं. मी डबा बंद केला. स्वयंपाकाला बाई ठेवणं माझ्या पगारात बसत नव्हतं. सव्वासातला कागल एमआयडीसीची बस यायची, त्याआधी दोन्ही वेळचं करून ठेवायला मी साडेचारला उठू लागले.

मी तिथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनं तपासते. छोटा वजनकाटा आणला आणि रोज सकाळी चार ग्रॅम मीठ वाटीत काढून ठेवू लागले. भाकरी बिनमिठाची. लोणचं, पापड घरातून बाहेर. आण्णा घास तोंडात घोळवत बसायचे आणि अर्धं ताट ठेवायचे. म्हणून मी ताटात कांदा-लसूण चटणी वाढू लागले. सकाळी एक चमचा, रात्री एक.

"आता कसं जेवल्यागत वाटतंय बघ," आण्णा म्हणाले.

सूज मात्र हलली नाही. वजन महिन्यात दोन किलो वाढलं, तेही पाण्याचं. डॉक्टर म्हणाले, "बाहेर काहीतरी खातायत. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल."

आण्णा बाहेर एकाच ठिकाणी जायचे. मागच्या गल्लीत हंबीरराव राहायचे, दोघांनी एका ऑफिसात तीस वर्षं काढलेली. रोज संध्याकाळी तासभर त्यांच्या पायरीवर बसणं असायचं. मी विचारलं तर आण्णा म्हणाले, "कायबी खात न्हाय गं." माझ्याकडं मोजलेले आकडे होते. मी त्यांना घेऊनच हंबीरकाकांच्या दारात गेले.

"काका, आण्णांना भजी-बिजी देत जाऊ नका. त्यांच्या जिवाशी खेळ होतोय."

हंबीरकाका म्हणाले, "पोरी, मी काय तुझ्या बापाचा वैरी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी तिकडं जाणं सोडलं. घरातच बसले, तरी सूज तशीच. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी त्याऐवजी डब्यातली बिस्किटं मोजू लागले.

एप्रिलच्या शेवटी वारणानगरहून तानाबाईआत्ती आली, आण्णांची थोरली बहीण. दरवर्षीसारखी बरणीभर नवी चटणी घेऊन. सकाळी मला वजनकाट्यावर मीठ घालताना बघून हसली.

"सोनं मोजतीस काय गं?"

"आत्ती, आण्णांना दिवसाला चारच ग्रॅम चालतं."

"मग चटणी कशी वाढतीस त्याला?"

"चटणीत कुठं मीठ असतं?"

आत्तीचं हसू गेलं. "अगं, वर्षाची चटणी ती! मीठ न्हाय घातलं तर टिकंल व्हय? किलोभर मिरचीला पाव किलो घालतो की. एवढी शिकलीस नि हे ठावं न्हाय?"

चटणी कुटायच्या दिवसांत माझ्या परीक्षा असायच्या. मला कोणी हाक मारायचं नाही, मीही जायचे नाही. हिशोब तिथंच उभ्या उभ्या झाला. दोन चमच्यांतून रोज अडीच ग्रॅम मीठ, वाटीतल्या चारच्या वर. अन्न अळणी होऊ नये म्हणून मीच वाढलेलं.

चटणी बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत सूज उतरली. मी आण्णांना म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही खरं बोलत होता."

"असू दे," ते म्हणाले. "तू तरी किती करशील एकटी."

रागावले असते तर बरं झालं असतं. रविवारी मीच त्यांना हंबीरकाकांकडं घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर काकांची माफी मागितली. काका म्हणाले, "झालं ते झालं. बस की रं, उभा का?" आतून त्यांनी पेरूच्या फोडी आणल्या. "नुसताच हाय. मीठ-तिखट कायबी लावल्यालं न्हाय."

बशी आण्णांच्या पुढ्यात ठेवली. आण्णांनी हात पुढं केला, मध्येच थांबवला, आणि माझ्याकडं बघितलं.

हंबीरकाकांनी मान दुसरीकडं वळवली. मी "घ्या की" म्हणाले. मग आण्णांनी एक फोड उचलली, सगळ्यांत लहान.