टाचणावर सोमवारची सही

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोरनाळच्या शाळेतल्या डिजिटल फळ्यावर कोणीही हात न लावता ‘नाक’ हा शब्द उमटला. आधी ‘ना’, मग ‘क’. फळ्यापासून सर्वांत जवळचा माणूस आठ फुटांवर होता.

बोरनाळ अक्कलकोटच्या दक्षिणेला आहे. तिथे मराठीत हाक मारली तर कन्नडात ओ येते. वर्गात पाचवीची एकवीस मुले होती आणि भिंतींना टेकून, दारात, खिडक्यांच्या गजांना लटकून दीडशेच्या आसपास माणसे. शब्द पुरा होताच बायकांनी हात जोडले. शाळा समितीचे अध्यक्ष रुद्रप्पा यांनी टोपी काढली. एरवी ते ती ग्रामसभेतही काढत नाहीत.

फळ्यासमोर एक मुलगा डोळ्यांवर भगवी पट्टी बांधून उभा होता. त्याच्या कपाळावर तळहात ठेवून अमृतनाथ गुरुजी उभे होते. झब्बा पांढरा, मनगटावर स्मार्टवॉच, खांद्याला कापडी झोळी.

“पाहिलंत?” गुरुजी म्हणाले. “हा पोरगा बोलला का? हलला का? डोक्यातली विद्या थेट फळ्यावर! विश्वाचा सर्व्हर एकच आहे, बाबांनो, आणि लेकराचं डोकं म्हणजे टॉवर. मग रेंज का येत नाही? कारण तुम्ही पोरांना जॅमर लावलेत! डोळ्याला चष्मा जॅमर. कानातलं यंत्र जॅमर. छातीत फवारा मारायचा पंप तर मोठा जॅमर. काढून टाका!”

“हौदु, हौदु,” रुद्रप्पा मान डोलावत म्हणाले. खरे आहे, खरे आहे.

अट एकच होती. प्रश्न चालू धड्याच्या स्वाध्यायातलाच हवा आणि त्याचा क्रमांक मोठ्याने सांगायचा. “लहरी ताज्या धड्याभोवती असतात,” असे गुरुजींचे स्पष्टीकरण होते. ते कोणाला खटकले नाही. वर्गाच्या मागे मंजुनाथ नावाचा त्यांचा शिष्य मोबाइलवर चित्रीकरण करत होता. तेही कोणाला खटकले नाही.

खिडकीजवळच्या खुर्चीवर वर्गशिक्षिका विजयमाला बाई बसल्या होत्या. मांडीवर टाचणाची वही, वहीवर दोन्ही हात. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या आणि हसतही नव्हत्या.

त्यांचे तिथे काय पणाला लागले होते, हे कळायला तीन आठवडे मागे जावे लागेल.

पाचवीत दिपाली नावाची मुलगी आहे. वडील जोतिराम आणि आई राजाबाई मेंढरे राखतात. दिवाळीनंतर महिनोन्‌महिने बाहेर असतात. दिपालीला जन्मापासून फार कमी ऐकू येते. बाईंनी दोन वर्षे अर्ज करकरून सरकारी योजनेतून तिला कानाचे मशीन मिळवून दिले. मशीन आले तरी वर्गाच्या गोंगाटात तिला निम्मेच कळे. मग उन्हाळी सुट्टीत बाईंनी पाचवीच्या प्रत्येक धड्याची डिजिटल मांडणी केली. स्वाध्यायाच्या एकेका प्रश्नाला एक स्लाइड. मोबाइलवर बोट लावले की उत्तराचे एकेक अक्षर फळ्यावर सावकाश उमटायचे, बाईंच्या ओठांच्या गतीने. दिपालीने कानाने, ओठांवरून आणि फळ्यावरून असे तिन्ही वाटांनी धडा घ्यावा, हा त्यामागचा हिशेब. हे सगळे एका ऑनलाइन फोल्डरमध्ये होते आणि त्याचा पासवर्ड दोघांकडेच होता : बाईंकडे आणि मुख्याध्यापक धोंडीराम सरांकडे.

पुढे बाई दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी सोलापूरला गेल्या. त्याच काळात अमृतनाथांचा पहिला प्रयोग झाला. बाई परतल्या तेव्हा दिपाली दुसऱ्या बाकावर बसून हाकेला वळत नव्हती. तिच्या कानात मशीन नव्हते.

राजाबाईंना बोलावले.

“मशीन कुटं हाय, राजाबाई?”

“गुरुजींच्या झोळीत घातलं की, बाई. ते म्हनले, यंत्रानं विद्या अडती. एकवीस दिसांत पोरगी आपसूक ऐकंल.”

“ऐकतीय का मग?”

“अजून दिस भरायचं हायत.”

त्या आठवड्यात दुसरा प्रयोग झाला आणि बाईंनी तो मागे उभे राहून पाहिला. फळ्यावर उमटले : ‘पाण्याची वाफ होते, जशी आईच्या चहाच्या पातेल्यावर.’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही. ते बाईंनी मे महिन्यात स्वतःच्या स्वयंपाकघरात, समोर उकळणाऱ्या पातेल्याकडे बघून लिहिले होते. दिपालीसाठी केलेली मांडणी वापरूनच दिपालीचा कान काढून घेतला गेला होता.

बाई थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“सर, माझ्या फोल्डरचा पासवर्ड त्या माणसाला कुणी दिला?”

“अहो बाई, चिडता कशाला? तुमचं साहित्य कुणाच्या तरी उपयोगाला आलं की!” धोंडीराम सरांनी हजेरीपट पुढे सरकवला. “पट बघा. पहिल्या प्रयोगानंतर चौदा नवे प्रवेश झालेत. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं-माझं पदच उडालं असतं.”

“आणि दिपालीचं मशीन?”

“तो पालकांचा निर्णय झाला.”

बाईंनी रुद्रप्पांना सांगून पाहिले. ते शांतपणे म्हणाले, “तुमी लिवलेलं फळ्यानं ऐकलं असंल, बाई. देवाला काय अवघड हाय?”

अशा माणसाला पुरावा दाखवून उपयोग नसतो. बाईंनी फळे बसवणाऱ्या कंपनीला एक फोन केला, पण फोल्डर बंद केले नाही, पासवर्डही बदलला नाही. आपण रागाने नव्हे तर नियोजनाने वागलो, असे त्या आता माझ्यासारख्या बातमीदाराला सांगतात. मला दोन्ही दिसले.

प्राथमिक शाळेत एक रिवाज आहे. शिक्षकाने आठवड्याच्या पाठांचे टाचण वहीत लिहायचे : घटक, साहित्य, कृती आणि शेवटच्या रकान्यात फलकलेखन, म्हणजे फळ्यावर नेमके काय लिहिणार ते. सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांनी त्यावर सही-शिक्का करायचा. धोंडीराम सर सात वह्यांवर दोन मिनिटांत सही करतात. वाचत नाहीत. गेली अकरा वर्षे त्यांनी एकही टाचण वाचलेले नाही, हे त्यांच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या सोमवारीही त्यांनी वाचले नाही.

गुरुवारी ‘नाक’ उमटून झाल्यावर बाई उठल्या. “गुरुजी, पुढचा प्रश्न दिपालीच्या वडिलांना विचारू द्या. त्यांनी तुमच्या चरणी मोठी वस्तू वाहिलीय.”

गुरुजी खूश झाले. “शाबास! आणि उत्तरही दिपालीच्याच डोक्यातून काढू. ये बाळ.”

हे बाईंच्या टाचणात नव्हते. दिपालीला पुढे ओढले गेले आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. ऐकू न येणारी ती मुलगी आता दिसतही नसलेल्या गर्दीपुढे उभी होती. तिचे हात हवेत काहीतरी शोधू लागले. बाईंनी वही इतकी घट्ट धरली की तिचा पुठ्ठा वाकला.

“कितवा प्रश्न?” गुरुजींनी विचारले.

जोतिरामांना वाचता येत नाही. त्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी चार बोटे दाखवली.

“चार लंबर,” जोतिराम म्हणाले.

“प्रश्न चौथा! आवाज कोणत्या अवयवाने ऐकू येतो? डोळे मिटा सगळे. लहर येतेय… येतेय…”

फळ्यावर ‘कान’ उमटले. टाळ्या पडल्या. पण अक्षरे थांबली नाहीत. एकेक करून, सावकाश, ओठांच्या गतीने ती येतच राहिली :

‘कान. दिपालीचे कानाचे मशीन गुरुजींच्या झोळीत आहे. ते आत्ता परत द्या.’

वाचता येणाऱ्यांच्या टाळ्या थांबल्या. न येणारे विचारू लागले, “काय लिवलंय? काय लिवलंय?”

कोणी सांगेना. तेवढ्यात दिपालीने स्वतःच पट्टी खाली ओढली. फळ्याकडे वळून, स्वतःला न ऐकू येणाऱ्या त्या सपाट, मोठ्या आवाजात तिने दोन्ही वाक्ये शेवटपर्यंत वाचून दाखवली.

अमृतनाथांचा चेहरा उतरला आणि त्यांच्या तोंडून, सर्व्हर-टॉवर सोडून, साधी गावची भाषा बाहेर पडली.

“ए मंज्या! बंद कर की ते!”

दीडशे माथी मागे वळली. मंजुनाथने घाबरून मोबाइलवर बोट दाबले, पण स्लाइड बंद न होता पुढची आली. फळा लिहू लागला :

‘अमृतनाथ म्हणजे अमृत. हा शाळाशाळांत असेच फळे बसवायचा. मार्च महिन्यात याचे काम सुटले. फळ्याला देव लागत नाही, इंटरनेट लागते.’

“फळा बाटलाय!” गुरुजी ओरडले. “कुणीतरी करणी केलीय!”

“असं कसं, गुरुजी?” बाई शांतपणे म्हणाल्या. “फळा खोटं लिहीत नाही, हे तीन आठवडे तुम्हीच सांगताय. आता लिहिलंय तर मशीन द्या.”

“बाई, हे काय चालवलंय?” धोंडीराम सर दारातून पुढे आले. “मी असल्या कशाला परवानगी दिलेली नाही!”

बाईंनी वही उघडून रुद्रप्पांच्या हातात दिली. “अध्यक्ष, तारीख वाचा. फलकलेखनाचा रकाना वाचा. आणि खाली सही कुणाची आहे, तेवढं मोठ्यानं सांगा.”

रुद्रप्पांनी चष्मा शोधायला खिसा चाचपला. मग त्यांना आठवले की तोही झोळीत आहे. वही डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनी वाचले. तारीख सोमवारची. फळ्यावरची वाक्ये अक्षरशः तीच, दोन्ही स्लाइडची. खाली गोल शिक्का.

“धोंडीराम सरांची,” ते म्हणाले. “सोमवारीच मंजूर झालंय की हे! देवाच्या आदी सरांनी वाचलं व्हय?”

“वाचलं असतं तर सही केली असती का?” खिडकीतून कोणीतरी म्हणाले, आणि त्या दिवसातले पहिले हसू फुटले.

बाई मागे गेल्या. मंजुनाथच्या हातातून मोबाइल घेऊन त्यांनी तो राजाबाईंच्या हातावर ठेवला. पडद्यावर धड्याच्या स्लाइडची यादी होती.

“दाबा, राजाबाई. हितं बोट लावा.”

राजाबाईंनी भीत भीत बोट लावले. फळ्यावर ‘ना’ उमटले, मग ‘क’. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा ‘नाक’. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्या दाबतच राहिल्या.

“तुमी दाबलं म्हणून तुमी देव झालात का?” बाईंनी विचारले.

“न्हाय,” राजाबाई म्हणाल्या. मोबाइल खाली ठेवून त्यांनी हात पदराला पुसले. “म्या माज्या हातानं पोरीच्या कानातलं काढलं, बाई.”

झोळी जोतिरामांनी उलटी केली. सहा चष्मे निघाले, दम्याचा एक पंप निघाला आणि पितळी डबीत, अंगाऱ्याच्या चिखलात बुडालेले कानाचे मशीन. ‘शुद्धी’साठी गुरुजींनी ते पहिल्याच दिवशी तीर्थात भिजवले होते. बाईंनी ते पदराने पुसले, दिपालीच्या कानात बसवले आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“दिपाली.”

मुलगी फळ्याकडेच पाहत होती.

“दिपाली!”

ती वळली नाही.

त्यानंतर अमृत दारापर्यंत कसा पोचला, याबद्दल कोणी काही सांगत नाही. पांढऱ्या झब्ब्याची एक बाही वर्गात राहिली, एवढी नोंद आहे. पाचवीच्या मुलांना तेवढा वेळ बाईंनी डोळे मिटायला सांगितले होते, लहरींसाठी. आपल्याला त्याचे वाईट वाटत नाही, असे बाईंनी मला दोनदा सांगितले.

फळ्याचा यात काही दोष नाही. अक्षरे आपोआप उमटण्यामागे एका शिक्षिकेची सुट्टी, एक मोबाइल आणि एक पासवर्ड होता, आणि हे तिन्ही पहिल्या दिवशीच सापडले असते. कोणीतरी एवढेच विचारायला हवे होते की प्रश्न फक्त स्वाध्यायातलाच का, आणि मागच्या माणसाचे बोट कशावर आहे. न कळणाऱ्या यंत्राला हात जोडू नका. ते कसे चालते ते विचारा. आणि डॉक्टरने दिलेली वस्तू काढून टाकायला जो सांगेल त्याला आधी विचारा, तिच्याशिवाय जगायचे कोणी आहे, त्याने की तुमच्या लेकराने?

आजपर्यंतची माहिती अशी. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दाखल झाली आहे. मंजुनाथने जबाब दिला. अमृत सापडलेला नाही. करकंबच्या बाजारात त्याला पाहिल्याचे एक जण सांगतो, त्याला दुजोरा नाही. दुरुस्ती होणार नाही, असे मशीन तपासणाऱ्याने लिहून दिले आहे. नव्या मशीनचा अर्ज बाईंनी त्याच दुपारी भरला. त्यावर पालकाचा अंगठा आहे, डॉक्टरचा दाखला आहे. मुख्याध्यापकांची सही तेवढी हवी आहे.

अर्ज दीड पानांचा आहे. शुक्रवारी सायंकाळी शाळा सुटेपर्यंत त्यावर सही झालेली नव्हती. धोंडीराम सर तो वाचत आहेत.